गावोगावची मुलं आज संगीताच्या परीक्षा देतात, त्याची सुरुवात कुरुंदवाडच्या या माणसाने केली होती

एप्रिल-मे आला किंवा दिवाळी सरली, की काही घरांतून एकसारखा आवाज यायला लागतो. हार्मोनियमवर भूप नाहीतर दुर्गा. मध्येच कोणीतरी हातावर टाळी देत एकताल मोजतंय, बारा मात्रा, मग त्याच बारा मात्रा दुप्पट लयीत. घर भुसावळजवळच्या दीपनगरच्या वसाहतीतलं असो, जळगावातलं असो की धुळ्यातलं, आवाज तोच. पोरांची गांधर्वची परीक्षा जवळ आलेली असते.

प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद आणि शेवटी अलंकार. ही उतरंड आपल्याला इतकी सवयीची झालीये, की संगीत कायम असंच शिकवलं जात होतं असं वाटतं.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी यातलं जवळपास काहीच नव्हतं. ना पुस्तक, ना इयत्ता, ना परीक्षक. हे सगळं उभं करण्यात ज्यांचा वाटा सगळ्यात मोठा, ते म्हणजे पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर.

१८ ऑगस्ट १८७२ ला कुरुंदवाड संस्थानात त्यांचा जन्म झाला. आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातलं हे गाव. वडील दिगंबर गोपाळ कीर्तनकार होते, त्यामुळे घरात गाणं होतंच. पण मुलाने गवई व्हावं असा काही बेत नव्हता. मुलगा शाळेत जात होता.

अशात दत्तजयंतीच्या उत्सवात एक फटाका त्याच्या तोंडाजवळच फुटला. दोन्ही डोळे भाजले. जीव वाचला, थोडंफार दिसायलाही लागलं, पण नजर कायमची अधू झाली. शाळा बंद पडली.

उपचार मिरजेत चालू होते. डोळ्यांवर विसंबून करायचं कोणतंही काम या पोराला जमणार नव्हतं, पण गळा चांगला होता. मिरजेतच पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवणारे हेच बुवा. त्यांच्याकडे विष्णू शिकायला लागला. मिरज संस्थानच्या राजांनी आधार दिला.

आता तेव्हाचं शिकणं कसं होतं ते बघा.

गुरूच्या घरी राहायचं. पाणी भरायचं, पडेल ते काम करायचं. गुरूला वाटेल तेव्हा तालीम मिळणार. आज एक ओळ सांगितली तर पुढची कधी, याचा भरवसा नाही. लिहून घ्यायची सोय नाही, जे काही ते कानाने उचलायचं. किती वर्षांत किती शिकून होईल याचं उत्तर कोणाकडेच नसायचं. शिवाय घराण्याची खास चीज म्हणजे तिजोरीतला दागिना, तो परक्याला कोण दाखवणार?

या पद्धतीने मोठमोठे गवई घडवले, हे खरंच. पण ज्याला गवई व्हायचं नाही, फक्त गाणं कळावं एवढीच इच्छा आहे, अशा माणसाला तिथे दरवाजाच नव्हता. घरंदाज बायकांसाठी तर विषयच बंद.

विष्णू दिगंबर या तालमीत सुमारे बारा वर्षं राहिले. याच काळातली एक गोष्ट सांगितली जाते. एका समारंभाला गावातल्या प्रतिष्ठित मंडळींना बोलावणं गेलं. राजाश्रयामुळे विष्णू दिगंबरांनाही आलं. त्यांच्या गुरूंना मात्र आलं नाही. कारण काय, तर ते गवई. गाणं ऐकायला सगळ्यांना आवडायचं, पण गाणारा पंगतीला नको होता.

हे त्यांच्या मनाला लागलं. गवयाला मान मिळवून द्यायचा असेल, तर गाणं दरबारातून आणि कोठ्यावरून काढून चारचौघांच्या घरात न्यावं लागेल, हे त्यांनी ओळखलं.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असं करत ते पंजाबात पोचले. वाटेत सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज आपल्याला यात नवल वाटणार नाही. पण तेव्हा गाणं एकतर राजवाड्यात व्हायचं, नाहीतर देवळात. पैसे देऊन कोणीही यावं आणि मांडी घालून ऐकावं, ही गोष्टच नवी होती.

मग आला ५ मे १९०१ चा दिवस. लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू झालं.

संगीताच्या शाळा त्याआधीही होत्या. बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ मध्येच शाळा काढली होती, पण तिच्यामागे गायकवाड सरकार उभं होतं. लाहोरच्या शाळेमागे कोणताही राजा नव्हता. लोकांच्या देणग्या आणि विष्णू दिगंबरांच्या मैफलींचे पैसे, एवढ्यावर ती चालवायची होती. सुरुवातीला विद्यार्थीच येईनात, तेव्हा ते रिकाम्या वर्गात स्वतःच तानपुरा घेऊन बसायचे, असं सांगतात.

हळूहळू मुलं आली. बायकांसाठीही वर्ग निघाले. आणि इथेच खरं काम सुरू झालं, ते म्हणजे गाण्याचा अभ्यासक्रम बनवण्याचं.

हे वाटतं तितकं सोपं नाही. पियानोचं उदाहरण घ्या. लंडनच्या रॉयल स्कूल्स ऑफ म्युझिकचं परीक्षा मंडळ १८८९ मध्ये स्थापन झालं. त्याच्या आठ ग्रेड आज आपल्याकडेही मुंबई-पुण्यातली आणि गोव्यातली मुलं देतात. तिथे रचना कागदावर छापलेली असते. कोणता स्वर, किती लांब, किती जोरात, सगळं लिहिलेलं. परीक्षकासमोरही तोच कागद. मुलाचा स्वर चुकला की लगेच कळतं.

आपल्या रागाचं तसं नाही. बंदिश दोन ओळींची. तिच्या आजूबाजूचे आलाप, ताना गायकाने तिथल्या तिथे रचायच्या. एकच यमन दोन जणांनी सारखा गायला तर उलट शंका यावी. मग मार्क द्यायचे कशाला?

विष्णू दिगंबरांनी यातून वाट काढली. आधी स्वर आणि ताल लिहिण्यासाठी खुणा ठरवल्या, म्हणजे स्वरलिपी बनवली. मग सोप्याकडून अवघडाकडे अशी पायरीपायरीने मांडणी केली. आधी अलंकार आणि पलटे, मग सोपे राग, छोट्या बंदिशी, त्यानंतर मोठे राग. मुलांसाठी संगीत बालप्रकाश, पुढच्यांसाठी रागप्रवेश अशी पुस्तकमाला काढली. ठरलेल्या वेळी वर्ग, ठरलेला धडा, शेवटी परीक्षा. शिकवायला माणसं लागणार म्हणून वेगळा उपदेशक वर्ग काढला. त्यातली मुलं तिथेच राहायची आणि तयार झाली की गावोगावी शाळा काढायला बाहेर पडायची.

आजच्या परीक्षेचा गाभाही असाच आहे. रागाचे आरोह-अवरोह सांगा, बंदिश गा, तिला आलाप-ताना जोडा, हातावर ताल धरून दुगुन करून दाखवा, नुसते स्वर ऐकून राग ओळखा. जे मोजता येतं ते पक्कं मोजायचं आणि उरलेलं परीक्षकाच्या कानावर सोडायचं.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबईत शाखा काढली. पुढे १९१२ मध्ये मुंबईहून लाहोरमार्गे पेशावरला जाणारी पंजाब मेल सुरू झाली. आपल्या भुसावळवरूनच जाणारी ही गाडी. आज ती फिरोजपूरला थांबते, तेव्हा मात्र गांधर्व महाविद्यालयाची दोन्ही शहरं एकाच रुळावर होती.

मुंबईत शाळा जोरात चालली आणि तिथेच घात झाला. शाळेसाठी मोठी इमारत बांधायला घेतली, त्यासाठी कर्ज काढलं. फेडायचा मार्ग एकच, मैफली. पण विष्णू दिगंबरांचं मन दुसरीकडे वळत चाललं होतं. ते भगवे कपडे घालायला लागले, रामनामात रमायला लागले. कर्ज फिटलं नाही आणि सावकारांनी इमारत लिलावात काढली.

घरातही दुःखच होतं. बारा मुलं झाली, त्यातला एकच मुलगा जगला. तो म्हणजे दत्तात्रेय, पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून देशभर गाजलेला गायक.

शेवटची वर्षं नाशिकच्या पंचवटीत, त्यांनी काढलेल्या रामनाम आधार आश्रमात गेली. काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गायचा मान त्यांचा असायचा. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गाण्याला हरकत घेतली, तेव्हाही त्यांनी गाणं पूर्ण करूनच थांबवलं. रघुपती राघवची आज घराघरांत म्हटली जाणारी चाल त्यांचीच मानली जाते.

२१ ऑगस्ट १९३१ ला ते मिरजेत गेले. जिथे शिकले तिथेच.

इमारत गेली होती, पैसा उरला नव्हता. उरली होती ती उपदेशक वर्गातून आणि हाताखालून गेलेली माणसं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. त्याच वर्षाच्या अखेरीस शिष्य अहमदाबादला जमले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज गायन, वादन, नृत्याच्या ज्या परीक्षा होतात, त्या घेणारं हेच मंडळ. पुढे १९४७ ला लाहोर सीमेपलीकडे गेलं, पण तोवर शाळा एका शहरापुरती उरलीच नव्हती.

आता मुद्दा राहतो टीकेचा. ती तेव्हाही होती, आजही आहे. परीक्षेने गवई घडत नाहीत, सहा महिन्यांत चार राग उरकले जातात, दहावीच्या वाढीव गुणांसाठी पोरांना क्लासला घातलं जातं, असं म्हणतात. यात तथ्य आहे. विशारद झालेला प्रत्येक जण मैफल गाजवतो असं नाही. पंडित भातखंडे त्याच काळात संगीताच्या शिक्षणावर काम करत होते. त्यांची स्वरलिपी लिहा-वाचायला सोपी, त्यामुळे पुढे तीच जास्त चालली. म्हणजे विष्णू दिगंबरांचं सगळंच टिकलं असंही नाही.

पण त्यांना प्रत्येक घरात तानसेन हवाच नव्हता. त्यांना कानसेन हवे होते. म्हणजे गाणं ऐकताना समेवर मान हलवणारा, आणि गवई दारात आला तर त्याला सन्मानाने आत बोलावणारा माणूस.

प्रवेशिकेनंतर क्लास सोडलेलं पोरगं पंचवीस वर्षांनी रेडिओवर भूप ओळखतं. ज्या समाजाने त्यांच्या गुरूला एका समारंभाचं बोलावणं दिलं नव्हतं, त्याच समाजाच्या हॉलमध्ये आज हार्मोनियम असते आणि भिंतीवर गांधर्वचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं असतं.