वजनाचा वैरी

आधीच सांगते, मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होते. मराठीत एवढं मोठं काही लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

आमच्या कॉलेजच्या बग्गी टीममध्ये मी सस्पेन्शनचं डिझाइन बघते. गेल्या वर्षी हॉस्टेलवर सगळे लोटसच्या 'इलेट्रे' या इलेक्ट्रिक एसयूव्हीचे व्हिडिओ बघत होते. स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या लोटसने 2022 साली ही गाडी जगासमोर आणली, बनते ती चीनमध्ये, वुहानला. वजन सुमारे अडीच टन! मला पहिला प्रश्न पडला तो हा, की कॉलिन चॅपमनला हे बघून काय वाटलं असतं?

कारण हा माणूस आयुष्यभर एकाच गोष्टीच्या मागे लागला होता, गाडीतून किलो कमी करणं.

चॅपमनचा जन्म 1928 चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये त्याने स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग घेतलं. म्हणजे गाड्यांचं नाही, इमारती आणि पुलांचं शिक्षण! शिकता शिकता तो विमान उडवायला शिकला आणि सेकंडहँड गाड्यांचा धंदाही केला. साहजिकच शेवटच्या वर्षी मॅथ्सला गचकला. पेपर परत दिला आणि डिग्री एक वर्ष उशिरा मिळाली. (एम-थ्री राहिलेल्यांनी नोंद घ्यावी.) एक जुनी ऑस्टिन सेव्हन खोलून त्याने मैत्रीण हेझलच्या घरामागच्या गॅरेजमध्ये आपली पहिली गाडी बनवली. 1952 साली तिच्याकडूनच 25 पौंड उसने घेऊन कंपनी काढली. पुढे त्यांचं लग्नही झालं.

1957 ची लोटस सेव्हन म्हणजे जेमतेम पाचशे किलोची गाडी. पाच सेव्हन तराजूत टाकल्या तर एक इलेट्रे होते! त्याचं गणित साधं होतं. जास्त ताकदीचं इंजिन लावलं तर गाडी सरळ रस्त्यावर पळते, पण वजन कमी केलं तर ती वळणावरही पळते, ब्रेकही लवकर लागतो. शिवाय हलक्या गाडीला ब्रेक लहान चालतात, टायर लहान चालतात, म्हणजे ती आणखी हलकी होते. बॅटरीच्या गाडीत हेच चक्र उलटं फिरतं. बॅटरीच कित्येकशे किलोची, ती पेलायला चॅसी भक्कम, ती थांबवायला ब्रेक मोठे, आणि हे सगळं ओढायला बॅटरी आणखी मोठी.

1962 च्या लोटस 25 मध्ये त्याने पाइपांची फ्रेमच काढून टाकली आणि विमानासारखं पत्र्याचं कवच केलं, म्हणजे मोनोकॉक. आधीच्या चॅसीपेक्षा निम्म्या वजनाचं आणि तिप्पट ताठ! त्याच्या आतल्या सीटवर जिम क्लार्क जवळजवळ आडवा होऊन बसायचा. 1963 साली याच गाडीतून तो जगज्जेता झाला. लोटस 49 मध्ये तर इंजिनच मागच्या चॅसीचं काम करायचं, सस्पेन्शन थेट त्याला जोडलेलं. एका पार्टकडून दोन कामं. आमची गाडी जिंकली की चॅपमन डोक्यावरची काळी टोपी हवेत फेकायचा, तसं काहीतरी करावं असं आम्हालाही फार वाटतं, पण अजून वेळ आलेली नाही.

आता नको असलेला भाग. 1969 साली बार्सिलोनाला दोन लोटसचे विंग एकाच शर्यतीत मोडले. त्यातून वाचलेल्या योखेन रिंटने चॅपमनला पत्र लिहून कळवलं, की तुझ्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की थोडं वजन वाढवून कच्चे पार्ट मजबूत केले तरी आपण मागे पडणार नाही. पुढच्या वर्षी मोन्झाला सरावात त्याच्या लोटसचा पुढचा ब्रेक शाफ्ट तुटला. कडेचं गार्डरेलही धड बसवलेलं नव्हतं. रिंट गेला. त्या वर्षीचं विजेतेपद त्याला मृत्यूनंतर मिळालं, आजवर असा तो एकटाच.

हे मी वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून जाईना. कारण मागच्या सीझनला आमच्या बग्गीचा एक ब्रॅकेट मी तीन मिलिमीटरऐवजी दोनचा केला होता. सॉफ्टवेअरमध्ये सगळं हिरवं दिसत होतं. टेस्टिंगच्या दिवशी तो वेल्डजवळ फाटला, चाक आडवं झालं आणि आमच्या ड्रायव्हरचा हात महिनाभर प्लास्टरमध्ये. त्याने मला काही म्हटलं नाही. तेच जास्त लागलं.

चॅपमनची गोष्ट पुढेही सरळ नाही. 1978 ला ग्राउंड इफेक्टच्या जोरावर तो पुन्हा जिंकला. मग डीलोरियन गाडीच्या कामात लाखो डॉलर गायब झाले. चौकशी त्याच्यापर्यंत यायच्या आधीच 16 डिसेंबर 1982 ला हार्ट अटॅकने तो गेला, वय फक्त 54. त्याच्या फायनान्सवाल्या सहकाऱ्याला 1992 साली तुरुंगात जावं लागलं. कंपनी बऱ्याच हातांतून फिरून 2017 मध्ये चीनच्या जीलीकडे गेली.

त्याने इलेट्रेला नाक मुरडलं असतं, हे मला पक्कं वाटतं. पण हवा नुसती बाजूने नाही तर बॉडीच्या आतूनही वाहून नेणारे तिचे ते मार्ग त्याने वाकून वाकून बघितले असते, हेही तेवढंच.

आमचा ब्रॅकेट या वर्षी पुन्हा तीन मिलिमीटरचा आहे. वाढलेलं वजन मी दुसरीकडून कमी करतेय, सध्या ड्रायव्हरच्या सीटखालच्या पत्र्यातून. त्याला विचारून.