गाडगेबाबांचे गाडगे

संत गाडगेबाबांचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. त्यांची मूर्ती डोळ्यांसमोर आणली की प्रथम दिसतो तो हातातील खराटा. त्या खराट्याचा गौरव आपण नित्य करीत असतो. तथापि बाबांजवळ आणखी एक वस्तू असे. तिच्यावरूनच त्यांस नाव मिळाले. पण तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे मातीचे एक फुटके गाडगे. बाबांचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवताना यंदा त्या गाडग्याची आठवण मुद्दाम करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूच्या आहारी गेले आणि डेबूजी लहान असतानाच वारले. आई सखूबाई मुलास घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आली. मामाच्या घरी गुरे राखावी, शेतात राबावे, असे त्यांचे बालपण गेले. शाळेचा लाभ त्यांस झाला नाही. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिली आणि निरक्षरपणाची किंमत काय असते, हे त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले.

डेबूजींचा विवाह झाला, मुलेबाळे झाली. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू देण्याची रूढी होती. डेबूजींनी ती मोडून गोडधोडाचे जेवण वाढले. लोक रुसले, पण ते डगमगले नाहीत. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले आणि पुढील बारा वर्षे ते गावोगाव भटकत राहिले.

या भटकंतीत त्यांचा वेष ठरून गेला. लोकांनी टाकून दिलेल्या चिंध्या एकत्र शिवून त्यांनी अंगावर घातल्या. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. हातात खराटा आणि मातीचे गाडगे. त्या गाडग्यातच भाकरी खावी, त्यातच पाणी प्यावे आणि वाट चालताना तेच डोक्यावर पालथे घालावे. लोक त्यांस गाडगेबुवा, गाडगेमहाराज म्हणू लागले. गावात शिरताच ते रस्ते झाडू लागत, गटारे मोकळी करीत, आणि रात्री त्याच जागी कीर्तनास उभे राहत. वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे मुके जनावर मारू नका, दारू पिऊ नका, शिवाशीव पाळू नका, मुलांना शाळेत धाडा, हाच त्या कीर्तनांचा आशय असे.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे तीर्थ आहे. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते. नदीच्या चिखलात यात्रेकरूंचे हाल होत. बाबांनी तेथे स्वतः राबून लोकांची सोय केली आणि पुढे घाट बांधविला. त्यानंतर पंढरपूर, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळा ही त्यांतील विशेष. पुढे ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले. पण त्यांतील पैशाचाही मोह त्यांनी धरला नाही.

१९२३ साली बाबा कोकणात खारेपाटण येथे कीर्तन करीत असता त्यांचा मुलगा गोविंद याच्या मृत्यूची वार्ता आली. बाबांनी ती ऐकली आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. आमची मायबोली कोंकणी. खारेपाटण आम्हांस परके नाही. म्हणून हा प्रसंग वाचताना आमचे मन नेहमीच भरून येते.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक वलगाव येथे, पेढी नदीच्या पुलाजवळ, प्रवासातच बाबांचे देहावसान झाले. ज्याने इतक्या इमारती उभ्या केल्या, त्याच्या मागे स्वतःचे म्हणून काय उरले? चिंध्यांचे वस्त्र, खराटा आणि गाडगे.

आता आपण ज्या गोष्टीकडे वळणार आहोत तिच्यासाठी हे १९५६ साल ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पॉलिथीन हा पदार्थ इंग्लंडमध्ये १९३३ साली योगायोगाने सापडला होता. परंतु आज आपण बाजारातून हातात धरून आणतो त्या पिशवीच्या रचनेचे पेटंट स्वीडनमधील स्टेन गुस्ताफ थुलिन यांच्या नावे झाले ते १९६५ साली. म्हणजे बाबांनी जो कचरा जन्मभर झाडला त्यात ही पिशवी नव्हतीच. त्यात शेण होते, पालापाचोळा होता, राख होती, फुटकी खापरे होती. ते सारे उकिरड्यावर जाई, आणि बहुतेकाचे पुढच्या पेरणीपूर्वी खत होई. खराट्याने काढलेली घाण माती आपल्या पोटात घेई. म्हणून खराट्याचे काम तेथेच पुरे होत असे.

आजची गोष्ट निराळी आहे. प्लास्टिक कुजत नाही. ऊन आणि पाणी यांनी त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. पण कण झाले तरी ते प्लास्टिकच राहते. बाबांनी जिच्या काठी घाट बांधला ती पूर्णा चांगदेव येथे तापीला मिळते. आपल्या बऱ्हाणपुरावरून वाहत आलेली तापी ती हीच. संगमानंतर ती खानदेश ओलांडून सुरतेपाशी अरबी समुद्रास मिळते. वाटेत हतनूर आणि उकाई ही धरणे काही केर अडवितात, परंतु नदी जे वाहून नेते त्याचे अखेरचे ठिकाण समुद्रच.

इच्छापुराहून समुद्र फार दूर. त्याची चिंता आपण का करावी, असे कोणास वाटेल. आमचे बालपण त्या समुद्राच्या काठी गेले. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढली जाई, तेव्हा आम्ही मुले दोर ओढावयास धावत असू. जाळ्यात मासळीबरोबर पिशव्या येत, पुड्यांचे कागद येत. म्हातारे रापणकार मुकाट्याने ते वेचून वाळूवर टाकीत, आणि भरतीचे पाणी ते पुन्हा आत नेई. समुद्री कासव तरंगणारी पिशवी जेलीफिश समजून गिळते आणि तिनेच त्याचा जीव जातो, हे आम्हांस पुढे कळले. त्या पिशव्या कोठून येत, हे मात्र आम्ही कधी विचारले नव्हते. ते कळावयास आम्हांस नदीच्या खोऱ्यात येऊन शिक्षक व्हावे लागले.

येथे आमची एक चूक सांगणे कर्तव्य समजतो. एका वर्षी बाबांच्या जयंतीस आम्ही मुलांना घेऊन रस्ता झाडला. मुलांनी मनापासून काम केले. नंतर अल्पोपाहार झाला, तो प्लास्टिकचे अस्तर लावलेल्या पेल्यांत आणि चकचकीत द्रोणांत. सारे आटोपल्यावर पाहिले तो नवा ढीग झाडलेल्या ढिगाहून लहान नव्हता. आम्ही तो नाल्याच्या कडेला लोटला, आणि पहिल्या पावसाने तो नेला. बाबांचा खराटा आम्ही हाती घेतला होता. त्यांचे गाडगे मात्र विसरलो होतो.

गाडगे काय शिकविते? एकच पात्र जपून पुनःपुन्हा वापरावे. आणि ते फुटलेच, तर मातीचे असल्यामुळे मातीस त्याचे ओझे होऊ नये. या दोन गोष्टींत साऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. जे एकदाच वापरावयाचे ते कुजणारे असावे. जे कुजत नाही ते वर्षानुवर्षे वापरावे. एकदा वापरून फेकलेले प्लास्टिक या दोन्ही कसोट्यांस उतरत नाही. कापडी पिशवीसुद्धा आठ दिवसांत टाकून दिली तर तिचा उपयोग नाही. ती फाटेपर्यंत वापरली तरच तिचे चीज होते.

भारत सरकारने १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, नळ्या यांवर बंदी घातली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांसही मनाई झाली. कायदा चांगला आहे. पण ग्राहकाने पिशवी मागितली की दुकानदार ती काढून देतो, हे आपण रोज पाहतो. मागणारा हात आपलाच असतो.

आणि पर्याय शोधावयास आपणांस दूर जावे लागत नाही. बऱ्हाणपूर हा केळीचा मुलूख. जेवावयास केळीचे पान आपल्या बांधावर आहे. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आपल्या आजीस लावता येत होत्या. बऱ्हाणपूर हे विणकरांचे आणि मागांचेही गाव. कापडाच्या तुकड्यांस येथे तोटा नाही. ज्या महापुरुषाने चिंध्यांचे वस्त्र जन्मभर मिरविले त्याच्या नावाने चिंध्यांची एक पिशवी शिवणे आपणांस जड जाऊ नये. नवरात्रात इच्छादेवीच्या टेकडीवर यात्रा भरते, तेव्हा ऋणमोचनाच्या यात्रेत राबणारे बाबा आठवावेत आणि प्रसादासाठी घरूनच डबा न्यावा.

विद्यार्थी मित्रहो, यंदाच्या जयंतीस प्रत्येकाने घरून आपला पेला आणि ताटली आणावी, असे आम्ही सुचवितो. ती घासावी लागेल, वेळ जाईल, पाणी लागेल, हे आम्ही जाणतो. पण घासण्याचा कंटाळा म्हणूनच तर फेकण्याची सवय लागली. जेवणानंतर मुलांबरोबर भांडी घासावयास आम्ही शिक्षकही बसू. त्या दिवशी रस्ता झाडून झाल्यावर मागे नवा ढीग उरला नाही, तर बाबांची जयंती खऱ्या अर्थाने साजरी झाली, असे आम्ही समजू.