पांढऱ्या उंदरांचा हाल्डेन

आमच्या वाडीच्या होस्टेलवर रूम पार्टनरने एक पांढरा उंदीर पाळला होता. डोळे लाल. हा असा का, हे लायब्ररीत शोधताना मला जे. बी. एस. हाल्डेन सापडला.

जन्म १८९२, ऑक्सफर्ड. पदवी विज्ञानाची नाही, चक्क ग्रीक-लॅटिनची! तरी बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट यांच्यासोबत याने उंदरांच्या पिढ्या वाढवल्या. जनुक बदललं की रंगद्रव्यच बनत नाही. केस पांढरे होतात, डोळ्यांत रक्ताची लाली दिसते. दुसऱ्या एका जनुकातल्या बदलाने डोळे गुलाबी नि केस फिकट होतात. ही दोन जनुकं पिल्लांत बरेचदा जोडीनेच उतरतात, कारण ती एकाच गुणसूत्रावर असतात. सस्तन प्राण्यांत अशी जोडी पहिल्यांदा दाखवली ती या तिघांनी, १९१५ साली. निबंधावर स्प्रंटचं नाव आहे, पण त्याच वर्षी तो महायुद्धात मारला गेला. हाल्डेन स्वतःही आघाडीवरच होता.

पुढे जखमी होऊन तो भारतात आला. महूला (हो, बाबासाहेबांचं जन्मगाव) सैनिकांना बॉम्बफेक शिकवली. १९५७ मध्ये आला तो कायमचाच. १९६१ मध्ये भारतीय नागरिक झाला. १ डिसेंबर १९६४ ला भुवनेश्वरला कॅन्सरने गेला. देह त्याने आधीच देऊन टाकला होता, काकीनाड्याच्या मेडिकल कॉलेजच्या पोरांना शिकायला.