पंडिता रमाबाई व नव्या जगाची आशा

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत पंडिता रमाबाईंचें नांव ठाऊक नसलेला मनुष्य विरळाच. कित्येक ख्रिस्ती घराण्यांच्या आज्या-पणज्या केडगांवच्या मुक्ति मिशनांत वाढलेल्या होत्या. बाईंच्या विद्वत्तेविषयीं व विधवांसाठीं केलेल्या कार्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तें सर्व येथें पुन्हा सांगण्याचा आमचा विचार नाहीं. ज्या बाईस चोवीस वर्षें पूर्ण होण्यापूर्वींच आई, बाप, बहीण, भाऊ व पति इतक्यांचा वियोग सोसावा लागला, तिनें मरण नाहींसें होईल व देव सर्व सृष्टि नवी करील ही आशा कशी धरिली, एवढेंच आज आम्ही पाहूं इच्छितों. ज्या घरांत गेल्या आठवड्यांत मूठमाती झाली, त्या घराचा हा प्रश्न आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ येथें झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये असें तेव्हांचें मत होतें. शास्त्रीबोवांनीं तें न मानितां आपली पत्नी लक्ष्मीबाई इजला स्वतः शिकविलें, आणि लक्ष्मीबाईनें धाकट्या मुलीस शिकविलें. पहांटे, घरचीं कामें सुरू होण्यापूर्वीं, आईच्या तोंडून ऐकून ऐकून मुलीनें हजारों श्लोक पाठ केले. हें कुटुंब तीर्थयात्रा करीत फिरे व पुराण सांगून जें मिळे त्यावर राही. भिक्षा मागावयाची नाहीं व मजुरी करावयाची नाहीं, असा त्यांचा नेम होता.

हा नेम सुकाळांत चालला. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला तेव्हां घरांत होतें नव्हतें तें सारें दानधर्मांत व पोटांत संपलें होतें. भांडीं गेलीं, दागिने गेले, वस्त्रें गेलीं. शेवटीं रानांतील पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. म्हाताऱ्या, आंधळ्या बापानें प्राण सोडला आणि थोड्याच आठवड्यांनीं आईहि गेली. आईचें प्रेत स्मशानांत न्यावयाचें तर चौघे पाहिजेत. गांवचे ब्राह्मण पुढें येईनात; कसेबसे दोघे मिळाले. तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमाबाई. त्या उंचीनें लहान असल्यामुळें खांद्याचा मेळ बसेना, म्हणून तिरडीची आपली बाजू त्यांनीं डोक्यावर घेतली व स्मशान दूर असतांहि तशीच वाहून नेली. त्या वेळीं त्यांचें वय सोळा वर्षांचें होतें. पुढें थोरली बहीणहि मेली.

वाचकांनीं हें चित्र मनांत ठेवावें. पुढें रमाबाई सभांत बोलल्या, त्यांनीं ग्रंथ लिहिले, विलायतेस व अमेरिकेस गेल्या. परंतु आम्हांस वाटतें कीं ती तिरडी त्यांच्या डोक्यावरून कधींच पुरती उतरली नाहीं.

भाऊ-बहीण उत्तरेकडे चालत निघालीं. हजारों मैल त्यांनीं पायीं तुडविले. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं थंडी सहन होईना तेव्हां वाळूंत खड्डे खणून, गळ्यापर्यंत कोरडी वाळू अंगावर ओढून तीं निजत. देवांच्या मूर्ति पाहिल्या, तीर्थांत स्नानें केलीं, उपास केले. आणि बापानें सांगितलेलें फळ कांहीं पदरीं पडलें नाहीं. १८७८ सालीं तीं दोघें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. ख्रिस्ती लोकांची प्रार्थना त्यांनीं प्रथम याच शहरांत पाहिली. मंडळी खुर्च्यांपुढें गुडघे टेकून डोळे मिटून बसली, तेव्हां हे लोक खुर्च्यांची पूजा करितात असें रमाबाईंस वाटलें! आमच्या उपदेशकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पाहुण्यास आपली उपासना कशी दिसत असेल तें आपणांस नेहमीं कळतेंच असें नाहीं.

कलकत्त्यास त्यांस धर्मशास्त्र वाचण्यास सांगण्यांत आलें. तें वाचतां वाचतां त्यांच्या विश्वासास धक्का बसला. इतर बाबतींत शास्त्रकारांचीं मतें परस्परांस मिळत नव्हतीं, पण स्त्रीस व शूद्रास पुरुषाप्रमाणें मोक्षाचा अधिकार नाहीं, यावर त्यांस बहुतेकांचें एकमत दिसलें. पतीची सेवा करून पुढच्या जन्मीं चांगली गति मिळण्याची वाट पाहावी, एवढेंच स्त्रीच्या वांट्यास येई. याचा त्यांस किती खेद झाला असेल! ज्या आईनें जन्मभर व्रतें केलीं व शेवटीं उपाशीं प्राण सोडला, तिच्यासाठीं त्या पोथ्यांत जागा नव्हती.

१८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह केला. ते जातीनें शूद्र गणले जात, त्यामुळें लोकांनीं पुष्कळ बोल लाविला. सिलचर येथें त्यांच्या घरच्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत होती; ती रमाबाईंच्या हातीं लागली व त्यांस गोड वाटली. १८८१ सालीं मनोरमा जन्मली. ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं मेधावी पटकीनें गेले. अंगावरील मूल घेऊन ही विधवा पुण्यास आली.

पुण्यांतील आर्य महिला समाज, १८८३ सालचें विलायतेचें प्रयाण, वांटेज येथील धर्मभगिनींच्या मठांतील वास्तव्य, हें सर्व प्रसिद्ध आहे. लंडनच्या फुलहॅम भागांत त्या भगिनी पतित स्त्रियांस आश्रय देत. समाजानें टाकून दिलेल्या बायकांस या प्रेमानें उठवितात हें पाहून रमाबाई थक्क झाल्या. असें करण्याचें कारण विचारितां त्यांस येशू व शोमरोनी स्त्री यांची कथा दाखविण्यांत आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं व मनोरमेनें बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरहि त्यांचे तर्क संपले नाहींत. आपल्या गुरुभगिनींशीं पत्रांतून त्या वर्षानुवर्षें वाद करीत. प्रभूचा हात प्रत्यक्ष धरल्याचें समाधान त्यांस पुष्कळ पुढें, मायदेशीं परतल्यावर झालें.

येथें एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधितों. आमच्यांतील नवीन विश्वासणारे वारंवार विचारितात कीं, आमचे आईबाप शुभवर्तमान न ऐकतां मेले, त्यांचें काय? कांहीं उपदेशक या प्रश्नास घाईनें व कठोर उत्तर देतात. रमाबाईंनीं काय केलें तें पाहावें. बाप्तिस्म्यानंतर चार वर्षांनीं, १८८७ सालीं, अमेरिकेंत त्यांचें उच्चवर्णीय हिंदु स्त्रीविषयींचें इंग्रजी पुस्तक निघालें. तें त्यांनीं आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केलें, आणि आईची शिकवणच आपल्या आयुष्याचा प्रकाश होती असें त्या अर्पणांत कृतज्ञतेनें नमूद केलें. बापाविषयींहि त्या शेवटपर्यंत आदरानेंच लिहीत. नव्या धर्मांत येण्यासाठीं मेलेल्यांस दूषण द्यावें लागतें, असें त्यांस कधीं वाटलें नाहीं. सर्व पृथ्वीचा न्यायाधीश योग्य तेंच करील, या भरंवशावर आम्हीहि आमचे मृत ठेवितों. त्यापुढें बोलण्याचा अधिकार आम्हांस दिलेला नाहीं.

आतां आशेविषयीं. लहानपणीं रमाबाईंनीं जी मुक्ति ऐकली ती देहापासून व पुन्हा जन्म घेण्यापासून सुटण्याची. ख्रिस्ती शास्त्र सांगतें तें याहून वेगळें. प्रभु देहासह कबरेंतून उठला, आणि त्याचे लोकहि देहासह उठतील. ही पृथ्वी जीर्ण वस्त्रासारखी टाकली न जातां नवी केली जाईल. तेथें भूक, शोक व मरण यांस थारा नसेल. ज्या मुलीनें आईचा देह डोक्यावर वाहिला, तिला देहाची काळजी घेणारा देव पाहिजे होता. हें आमचें अनुमान आहे. पण बाईंच्या पुढील कृत्यांकडे पाहतां तें खोटें वाटत नाहीं. कारण आपल्या आश्रमास त्यांनीं मुक्ति हें जुनेंच नांव दिलें आणि त्याचा अर्थ विहीर, भाकर, औषध व अक्षरओळख यांपासून सुरू केला.

१८८९ सालीं मुंबईस शारदा सदन उघडलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. १८९६-९७ चा दुष्काळ मध्यप्रांतांत पडला तेव्हां रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सांगाडे झालेल्या मुली पाहतांच त्यांस आपलें बालपण आठवलें. जवळ पैसा नसतां त्यांनीं सुमारें तीनशें मुली आणण्याचा निश्चय केला. पुण्यास प्लेग असल्यामुळें सरकारनें नवीन माणसें ठेवण्यास मनाई केली, म्हणून केडगांवास घेतलेल्या माळरानावर झोंपड्या व तंबू उभे राहिले. १९०० सालीं गुजराथच्या दुष्काळांतून आणखी मुली आल्या, आणि कांहीं काळानें तेथें जवळजवळ दोन हजार जीव राहूं लागले. विहिरी खणल्या, फळझाडें लाविलीं, माग चालूं झाले, तेलाचे घाणे फिरूं लागले. आंधळ्या मुली बोटांनीं वाचूं लागल्या. ज्यांस कोणी दारांत उभें करीना अशा स्त्रियांसाठीं कृपा सदन निघालें. स्वर्गाची आशा धरणारा मनुष्य शेताच्या बांधाकडे दुर्लक्ष करितो असें आमच्यावर बोलणाऱ्यांनीं केडगांव पाहावें.

अर्थात् तेथेंहि मरण होतेंच. दुष्काळानें पोखरलेल्या कित्येक मुली अन्न मिळाल्यावरहि जगल्या नाहींत. आशेनें मरण टळलें असें कोणीं समजूं नये.

उतारवयांत बाईंनीं सर्वांत कठीण काम हातीं घेतलें. शास्त्राचें प्रचलित मराठी भाषांतर खेड्यांतील अडाणी बाईस समजत नाहीं, व त्यांतील कित्येक शब्द जुन्या धर्मकल्पनांनीं भरलेले आहेत, असें त्यांस वाटे. म्हणून इब्री व ग्रीक शिकून त्यांनीं संपूर्ण शास्त्राचें नवें भाषांतर आरंभिलें. त्यांस ऐकूं फार कमी येई; पुस्तकें भोंवतीं मांडून त्या पहांटेपासून बसत. खिळे जुळविणें, छापणें व बांधणें हें सर्व आश्रमांतील स्त्रियाच करीत. भाषांतर मुळास इतकें चिकटून आहे कीं कोठें कोठें मराठी अवघडते, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तथापि दुष्काळांतून उचलून आणलेल्या मुलींच्या हातून नव्या पृथ्वीचें वचन अक्षरशः खिळ्या खिळ्यानें जुळविलें गेलें, असा प्रसंग आमच्या देशांत दुसरा आम्हांस ठाऊक नाहीं.

काम संपत आलें असतांना शेवटचा घाव बसला. मनोरमाबाई ही एकच लेक. ती आईचा उजवा हात होती. गुलबर्ग्याची शाळा तिनें उभारली होती, आणि मुक्तीचा भार पुढें तीच वाहील असें सर्व धरून चालले होते. २४ जुलै १९२१ रोजीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, ती हृदयाच्या विकारानें वारली. आई त्रेसष्ट वर्षांची होती. ज्या दुःखांतून तरुणपणीं भावाच्या सोबतीनें बाहेर पडल्या, तें आतां एकट्यानें सोसावयाचें होतें. बाई पुन्हा मेजाशीं बसल्या व उरलेलीं पानें तपासूं लागल्या. शास्त्राचा शेवटचा ग्रंथ प्रकटीकरण. त्याच्या अखेरीस देव आपल्या लोकांचीं आसवें कसा पुसील तें लिहिलें आहे. आपल्या लेकीच्या कबरेची माती ओली असतां या बाईनें शास्त्राचें काम शेवटास नेलें.

५ एप्रिल १९२२ रोजीं पहांटेपूर्वीं, झोपेंतच, त्यांस प्रभूनें नेलें. त्यांचा देह केडगांवासच ठेविला आहे. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ सालीं मुक्तीच्या छापखान्यांतून बाहेर पडलें, आणि त्याच्या प्रति खेड्याखेड्यांतील बायकांच्या हातीं गेल्या.