लोकमान्यांच्या टेबलाचा खण

टिळकांवर लेख म्हटला की शेंगांची टरफलं, गणेशोत्सव आणि स्वराज्याची घोषणा आलीच पाहिजे, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. शाळेत १ ऑगस्टला हे भाषण आपण सगळ्यांनी एकदा तरी ठोकलंय. म्हणून इथे त्यातलं काही सांगत नाही. त्यांची पत्रं, कागदपत्रं, वह्या आणि घरी येणारी-जाणारी माणसं यांचं पुढे काय झालं, एवढंच सांगायचं आहे. त्या काळी मोबाईल नव्हता, पासवर्ड नव्हता, पण आपण आज ज्याला प्रायव्हसी म्हणतो तो प्रश्न या माणसाच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा आला. आणि त्याची किंमत त्यांनी तुरुंगात मोजली.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीतला. वडील गंगाधरपंत शिक्षक. पुढे कुटुंब पुण्याला आलं. आई लवकर गेली, सोळाव्या वर्षी वडीलही गेले. डेक्कन कॉलेजात असताना पहिलं वर्ष त्यांनी अभ्यासापेक्षा तालमीत जास्त घालवलं, हे आपल्या जिममधल्या मंडळींना आवडेल. गणित हा जिवाभावाचा विषय. बी. ए. झाले, मग एलएल. बी. केली आणि नोकरी-वकिली सोडून १८८० साली चिपळूणकर, आगरकर यांच्याबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलं. जानेवारी १८८१ मध्ये केसरी आणि मराठा ही दोन वर्तमानपत्रं सुरू झाली. तेव्हा टिळक पंचविशीतसुद्धा नव्हते, म्हणजे आपल्या बी. ई. झालेल्या सिनिअर्सच्या वयाचे!

आणि लगेच पहिला झटका बसला. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतोय, अशा बातम्या पुण्यात येत होत्या. संस्थानचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्धची काही पत्रं या मंडळींच्या हाती आली. ती खरी वाटली, छापली गेली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि कोर्टात ती पत्रं बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते बाहेर आले. हेतू चांगला होता, महाराजांबद्दलची कळकळ खरी होती, पण हातातला कागद खोटा होता. आज ग्रुपवर कुणाच्या तरी चॅटचा स्क्रीनशॉट येतो आणि आपण दोन सेकंदात पुढे ढकलतो. तो खरा की एडिट केलेला, हे बघायला कुणाला वेळ आहे? पंचविशीतल्या टिळकांना तो धडा १०१ दिवसांत मिळाला.

पुढची गोष्ट १८९६-९७ ची. मुंबईत प्लेग आला, मग पुण्यात. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला. (हाच कायदा २०२० साली करोनात आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झाला.) रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी सुरू झाली. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरात शिरू लागले. माजघर, स्वयंपाकघर, देवघर, कुठेही. सामान बाहेर काढायचं, आजारी वाटेल त्याला उचलायचं. घर म्हणजे आपली जागा, तिथे परक्याने विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये, ही साधी गोष्ट त्या काही आठवड्यांत संपली.

इथे टिळकांची भूमिका नीट समजून घ्यायला हवी. प्लेगवर उपायच करू नका, असं ते म्हणत नव्हते. बरेच पुढारी गाव सोडून गेले, टिळक पुण्यात राहिले. रोग्यांसाठी हिंदू प्लेग हॉस्पिटल उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्यांचा आक्षेप होता तो उपायांच्या रीतीवर, माणसांच्या अब्रूची पर्वा न करण्यावर. सुरक्षितता हवी, पण ती राबवणाऱ्याला जाब विचारता आला पाहिजे. आजही सीसीटीव्ही असो, चेहरा ओळखणारी हजेरी असो, वाद नेमका इथेच येऊन थांबतो.

२२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. महिन्याभराने टिळकांना अटक झाली, ती केसरीतल्या लिखाणावरून. राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, त्यातलं जवळजवळ एक वर्ष भोगून सप्टेंबर १८९८ मध्ये ते सुटले. त्या वेळी त्यांच्या जामिनासाठी कोर्टात उभे राहिलेले वकील होते दिनशा दावर. हे नाव लक्षात ठेवा.

आता मुख्य गोष्ट. ३० एप्रिल १९०८ ला बिहारमधल्या मुझफ्फरपूरला बाँब पडला आणि दोन इंग्रज बायका मेल्या. त्यावर केसरीत अग्रलेख आले. ८ जूनला सरकारने स्फोटक पदार्थांचा नवा कायदा केला. २४ जूनला मुंबईच्या सरदारगृहात टिळकांना पकडलं. पाठोपाठ पुण्याचा गायकवाडवाडा आणि सिंहगडावरचा बंगला, दोन्हीकडे झडती झाली. कपाटं, टेबलं, कागद, सगळं उपसलं. त्यात टेबलाच्या खणात एक पोस्टकार्ड सापडलं. त्यावर दोन पुस्तकांची नावं लिहिलेली होती. दोन्ही पुस्तकं स्फोटकांवरची!

पुस्तकं सापडली नाहीत बरं का, फक्त नावं. पण सरकारी पक्षाने ते पोस्टकार्ड पुरावा म्हणून कोर्टापुढे ठेवलं. टिळकांचं उत्तर सरळ होतं. नव्या कायद्यात स्फोटक पदार्थाची व्याख्या काय केलीय, यावर त्यांना टीका लिहायची होती. त्यासाठी विषय समजून घ्यायला हवा, म्हणून कॅटलॉगमधून दोन पुस्तकांची नावं उतरवून ठेवली. गणिताचा आणि कायद्याचा माणूस, व्याख्येपासून सुरुवात करणार हे उघडच आहे. पण अग्रलेखांच्या शेजारी तेच पोस्टकार्ड ठेवलं की त्याचा रंग बदलतो.

आता जरा आपल्या फोनची सर्च हिस्टरी आठवा. केमिकलवाल्यांनी असाइनमेंटसाठी अमोनियम नायट्रेट शोधलेलं असतं. कॉम्प्युटरवाल्यांनी सेमिनारसाठी पासवर्ड कसे फोडतात ते वाचलेलं असतं. कुणी रात्री दोन वाजता एखाद्या आजाराची लक्षणं शोधलेली असतात, घाबरून, घरी न सांगता. प्रत्येक सर्च म्हणजे खणातलं एक पोस्टकार्ड आहे. फरक एवढाच की टिळकांच्या खणात एक होतं, आपल्या खणात हजारो आहेत आणि तो खण आपल्या खोलीत नाही, कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर आहे.

खटला १३ जुलैला सुरू झाला. न्यायाधीश कोण? तेच दिनशा दावर, आता न्यायमूर्ती. टिळकांच्या वतीने जामीन मागायला बॅरिस्टर जीना उभे राहिले, तो मिळाला नाही. मग टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, एकवीस तासांहून जास्त वेळ. त्यांचा एक मोठा मुद्दा भाषांतराचा होता. लेख मराठीत, ज्यूरीतल्या बहुतेकांना मराठी येत नाही, म्हणजे निकाल लागणार तो भाषांतरावर. कुठल्या शब्दाचा अर्थ कसा बदललाय, हे त्यांनी एकेक करून दाखवलं. पण २२ जुलैच्या रात्री नऊपैकी सात ज्यूरींनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष. सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस पूर्ण होत होता. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवस संप केला.

मंडालेच्या तुरुंगात लिहायला परवानगी होती, पण कशी? सुटे कागद बंद. बांधलेल्या वह्या, त्यांची पानं मोजून वर आकडे घातलेले, आणि शाई नाही, फक्त पेन्सिल. एक पान फाडलं तरी कळावं अशी व्यवस्था! येणारी-जाणारी पत्रं अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जायची. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई गेल्या, ती बातमीही त्यांना तिथेच कळली. अशा ठिकाणी १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी गीतारहस्य लिहून काढलं. जर्मन, फ्रेंच, पाली या भाषांचा अभ्यास केला. जून १९१४ मध्ये सुटका झाली तेव्हा या वह्या मात्र सरकारने तपासणीसाठी ठेवून घेतल्या. आपल्या थीसिसची एकमेव कॉपी दुसऱ्याच्या ताब्यात, आणि ती परत मिळेल की नाही याची खात्री नाही, असं समजा. नाहीच मिळाल्या तर आठवणीतून पुन्हा लिहीन, अशी त्यांची तयारी होती. अखेर वह्या परत आल्या आणि जून १९१५ मध्ये ग्रंथ छापून बाहेर पडला.

सुटून आल्यावर मोकळीक मिळाली असं वाटत असेल तर थांबा. गायकवाडवाड्याबाहेर पोलिसांचा पहारा बसला. आत कोण जातंय, त्यांची नावं टिपली जाऊ लागली. आत काय बोलणं झालं हे पोलिसांना ऐकू येत नव्हतं, पण कोण भेटलं एवढी यादी पुरेशी होती. नोकरदार माणूस वाड्याच्या दारात जायला दहादा विचार करणार. आपल्या भाषेत सांगायचं तर हा मेटाडेटा. आपले मेसेज कुलूपबंद असतात, एंड टू एंड एन्क्रिप्टेड असतात, हे खरंय. पण कुणाशी, कधी आणि किती वेळा संपर्क झाला, ही यादी वेगळी असते आणि ती बरंच काही सांगते.

१९१६ साली होमरूल लीग सुरू झाली. बेळगाव आणि अहमदनगरला टिळकांची भाषणं झाली आणि पोलिसांचे लघुलेखक शब्द न् शब्द उतरवून घेत होते. त्यावरून त्यांच्या साठाव्या वाढदिवसालाच नोटीस आली. मॅजिस्ट्रेटने वर्षभर चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. या वेळी जीनांनी बाजू लढवली. ९ नोव्हेंबरला हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. भाषणातली चार वाक्यं सुटी काढून चालणार नाही, भाषण सगळं मिळून काय सांगतं ते बघायला हवं, असा विचार न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी केला. क्लिप कापून व्हायरल करण्याच्या आजच्या जमान्यात हा निकाल वाचायला हवा.

शेवटची लढाई लंडनमध्ये झाली. शिरोल या इंग्रज पत्रकाराने पुस्तकात केलेल्या आरोपांवरून टिळकांनी त्याच्यावर खटला भरला. मुंबई सरकारचं दप्तर शिरोलच्या मदतीला धावलं. फेब्रुवारी १९१९ मध्ये टिळक हरले आणि खर्चाचा प्रचंड बोजा अंगावर पडला. वर्षानुवर्षं जमवलेली माहिती शेवटी अशी वापरली जाते. १ ऑगस्ट १९२० रोजी, जिथे बारा वर्षांपूर्वी अटक झाली त्याच सरदारगृहात त्यांनी प्राण सोडला.

पुढे काय झालं, तेही थोडक्यात सांगतो. १९४७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेसाठी जे निवेदन तयार केलं, त्यात माणसाचं शरीर, घर आणि कागदपत्रं यांना अवास्तव झडतीपासून संरक्षण मागितलं होतं. मूलभूत हक्कांत ते कलम आलं नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, टप्प्याटप्प्याने लागू होण्यासाठी. या कायद्यात सरकारी संस्थांना सूट देण्याची तरतूद आहे, त्यावरून वादही चालू आहे. म्हणजे गोष्ट संपलेली नाही.

आता आपलं बघू. उंबरमाळी स्टेशनवर कसारा लोकलची वाट बघताना आपण नवीन ॲप टाकतो आणि कॉन्टॅक्ट, कॅमेरा, लोकेशन, सगळ्याला ओके करत सुटतो. टॉर्चच्या ॲपला आपल्या आईचा नंबर कशाला हवा? झटपट कर्ज देणारी बोगस ॲप्स याच कॉन्टॅक्ट लिस्टवरून नातेवाइकांना फोन करून बदनामी करतात. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲप वेब उघडून प्रिंट काढतो आणि लॉगआऊट न करता शहापूरच्या एसटीसाठी पळतो. आधारच्या झेरॉक्सवर कारण आणि तारीख लिहीत नाही. वास्तविक पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार फुकट डाउनलोड करता येतं. रूममेटचा फोन उघडा दिसला की गंमत म्हणून चॅट वाचणारे बहाद्दर तर प्रत्येक मजल्यावर आहेत! सरकार आणि कंपन्या राहू द्या, पहिली झडती आपणच घेतो.

मी काही वाईट करत नाही, मग मला कशाची भीती, असं बरेच जण म्हणतात. टिळकांच्या पोस्टकार्डावरही काही वाईट लिहिलेलं नव्हतं. दोन पुस्तकांची नावं होती. वाईट-चांगलं ठरवणारा माणूस दुसरा होता, आणि त्याने ते पोस्टकार्ड आपल्याला हवं तसं वाचलं.

तेव्हा मंडळी, आज रात्री मेसमधून आलात की दहा मिनिटं काढा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या ॲपला काय परवानगी दिलीय ते बघा, नको ती काढून टाका. टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. लिंक्ड डिव्हाइसेस उघडून अनोळखी कॉम्प्युटर बाहेर काढा. पैशाची फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. आणि रूममेटचा फोन टेबलावर उघडा पडलेला दिसला, तर तो उलटा करून ठेवा.