आनंदीबाई कर्वे : लोकरीतीचा जमाखर्च

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे स्मरण करावे, हा प्रघात चांगला आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव ऐकले नाही असे घर महाराष्ट्रात विरळाच. परंतु त्यांचा संसार ज्यांनी ओढला त्या आनंदीबाईंची, म्हणजेच घरच्या माणसांच्या ‘बायां’ची, हकिकत तितकीशी सर्वांना ठाऊक नसते. लोक काय म्हणतील, हा प्रश्न आपण रोज विचारतो. त्याच्या उत्तराची किंमत पैशात आणि मनस्तापात किती होते, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी या बाईंचे चरित्र अवश्य वाचावे.

आनंदीबाईंचे माहेर कोकणातील देवरुखचे. माहेरचे नाव गोदू जोशी. वयाच्या आठव्या वर्षी लग्न झाले आणि तीनच महिन्यांत वैधव्य आले. नवरा म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तो गेला. पुढची बरीच वर्षे त्यांनी सासरी काढली. पहाटे उठून घरातले आणि बाहेरचे पडेल ते काम करावयाचे, आणि मंगल कार्य निघाले की मागे सरावयाचे. कालांतराने रूढीप्रमाणे केशवपनही झाले. त्यात कोणा एकाचा दुष्टपणा होता असे नव्हे. सासरची माणसे चार घरे करीत तेच करीत होती. पण शाळेत जाण्याची, काही शिकण्याची सारी वर्षे अशीच गेली, आणि केलेल्या कामाचा एक पैसाही स्वतःचा म्हणून हाती आला नाही. लोकरीतीच्या जमाखर्चातली खर्चाची ही पहिली बाजू.

त्यांचे बंधू नरहरपंत मुंबईस शिकत होते. कर्वे त्यांचे स्नेही, आणि दोघे बिऱ्हाड करून एकत्र राहात. नरहरपंतांनी बहिणीला मुंबईस आणले. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी तेथे शारदासदन काढले, त्यात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. ज्या वयात इतर बायका पोराबाळांत गुंतलेल्या असतात, त्या वयात त्या पाटी घेऊन बसल्या. डोईवर पुन्हा केस वाढू लागले. पुढे सदन पुण्यास हलले, तेव्हा त्याही पुण्यास आल्या.

कर्व्यांची प्रथम पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. त्याच वर्षी कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. गोदूबाईंच्या वडिलांनी मन घट्ट करून संमती दिली आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

येथे कायद्याची एक गोष्ट सांगावयास हवी. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला होता. परंतु त्याच कायद्यात असे कलम होते की, पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क जाईल. म्हणजे लग्नाची मोकळीक मिळाली तरी तिची पट्टी बाईलाच भरावी लागे. ज्या बाईच्या पदरी थोडी जमीन किंवा घराचा वाटा होता, तिला लोकापवादाइतकाच हाही विचार करणे भाग होते.

लग्नानंतर उभयता कर्व्यांच्या गावी, मुरुडास गेली. याच गावाच्या उपयोगासाठी कर्व्यांनी पूर्वी मुरुड फंड उभा केला होता. पण गावाने सभा भरवली आणि त्यांना वाळीत टाकले. कर्व्यांशी कोणी संबंध ठेवू नये, आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर ते घरही बहिष्कृत समजावे, असे ठरले. वृद्ध आईला मुलगा हवा होता, भावाला भाऊ हवा होता. पण घरातली लग्नकार्ये, श्राद्धपक्ष आणि शेजार हे सारे गावाच्या हाती होते. दंड सुधारकाला केला असे गाव म्हणे, पण त्यातला मोठा वाटा घरच्या निरपराध माणसांनी भरला. नव्या सुनेच्या मनाची त्या वेळी काय अवस्था झाली असेल, ते आपण बायकांना सांगावयास नको.

याहून अवघड प्रसंग पुढेच होता. १८९६ साली कर्व्यांनी पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला आणि आपल्या शिलकीतले हजार रुपये त्यात घातले. पुढे १९०० साली आश्रम हिंगण्यास एका झोपडीत गेला. कॉलेजचे काम आटोपून कर्वे पायी हिंगण्याची वाट धरीत. या आश्रमात विधवांना शिक्षण द्यावयाचे, त्यांची लग्ने लावून द्यावयाची नाहीत, अशी हमी त्यांना लोकांना द्यावी लागली. कारण तशी शंका आली असती तर सनातनी घरांतून एकही मुलगी आली नसती आणि वर्गणीही आटली असती. साहजिकच पुनर्विवाहित बाईचा वावर आश्रमात नको, असे ठरले. ती पुनर्विवाहित बाई म्हणजे संस्थापकाची पत्नी!

आणखी एक पाहा. आनंदीबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्या सोवळ्या असल्यामुळे आश्रमात राहू शकल्या, गावोगाव हिंडून त्यांनी संस्थेसाठी वर्गणी जमवली आणि १९१८ साली त्या थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. त्यांचे काम थोरच होते. पण एका आईच्या दोन मुली. एकीला आश्रमाचे दार उघडे, आणि दुसरीला, तिने कुंकू लावले म्हणून, ते बंद.

आनंदीबाई पुण्यास राहून मुलांना वाढवीत होत्या. पतीची मिळकत बेताची, आणि त्यातलाही शक्य तो पैसा संस्थेकडे जाई. उद्या कसे व्हायचे, या काळजीने त्यांचे पतीशी खटके उडत, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. त्या नुसत्या रडत बसल्या नाहीत. नागपूरला जाऊन त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले. ज्या हातांनी वर्षानुवर्षे बिनमोल काम केले, त्या हातांना आता चार पैसे मिळू लागले. शंकर, दिनकर व भास्कर ही मुले शिकली, मोठी झाली. भास्करराव व त्यांच्या पत्नी कावेरीबाई यांनी तर पुढे हिंगण्याच्याच संस्थेत आयुष्य घातले. ज्या अंगणात सासूला मज्जाव होता, तेथे सून मानाने वावरली.

कर्व्यांचे चुकले काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्यांनी लोकांपुढे तेवढी मान तुकवली म्हणून शेकडो विधवा शिकल्या, हे नाकारता येणार नाही. परंतु तडजोडीचे श्रेय संस्थेच्या खाती जमा झाले आणि खर्च घरातल्या बाईच्या खाती पडला, हेही विसरू नये. १९४४ साली आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ प्रसिद्ध झाले, म्हणून ही खर्चाची बाजू आपणांस कळते. २९ नोव्हेंबर १९५० रोजी त्या वारल्या. महर्षींना १९५८ साली भारतरत्न मिळाले, ते पाहावयास त्या नव्हत्या.

या गोष्टी जुन्या झाल्या असे समजू नये. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. मुरुडच्या सभेला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटल्यावरही असा ठराव करावा लागला, यावरून काय ते समजावे. तथापि तेव्हा सभा वाळीत टाकण्यासाठी भरली होती, आता ती जवळ घेण्यासाठी भरली, हा फरक काही लहान नाही.

आपल्या मंडळातही हळदीकुंकू होते, डोहाळजेवणे होतात, लग्नाचे आहेर ठरतात. अशा प्रत्येक वेळी रीत म्हणून एखादी गोष्ट करताना तिचा खर्च कोण सोसणार आहे, एवढे तरी आपण विचारू या. कर्ज काढणारा बाप असेल, किंवा दारापर्यंत येऊन मागे फिरणारी एखादी शेजारीण असेल. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या आळीतील सर्व भगिनींना, कोणाचे कपाळ न पाहता, बोलावणे जावे. त्याला फारसा खर्च येणार नाही, आणि आनंदीबाईंचे स्मरण त्याहून चांगले होणार नाही.