मलिक अंबर आणि आपल्या शहराची नहर

मलिक अंबर यांचा जन्म इ.स. १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतल्या इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकले गेले. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात, बगदादमार्गे ते दख्खनमध्ये आले, निजामशाहीचे पेशवे चंगीजखान यांच्याकडे. मालकाच्या मृत्यूनंतर सुटका झाली, स्वतःची फौज जमवली आणि पुढे निजामशाहीचा कारभारच हातात आला. मोगलांशी ते गनिमी काव्याने लढले. वर्गात आपण बहुतेक एवढंच सांगतो, पाण्याचं राहूनच जातं.

१६१० मध्ये त्यांनी खडकी गावी शहर वसवलं. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. जमीन नावाप्रमाणे खडकाळ. लोकवस्ती वाढली तर प्यायला पाणी कुठून आणायचं? अंबर यांनी उत्तरेकडच्या डोंगरात मुरणारं पाणी भुयारी नहरीने शहरात आणलं. मोट नाही, पंप नाही, फक्त उतार! मोजमाप किती अचूक असेल बघा. नहर झाकलेली, म्हणून पाण्यात पालापाचोळा किंवा जनावरांची घाण पडत नसे, उन्हाने ते आटतही नसे. हवा जाण्यासाठी आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी उभी तोंडं ठेवली होती. हीच नहर-ए-अंबरी.

१६२६ मध्ये अंबर गेले. त्यांची कबर खुलताबादला आहे. नहर मात्र पुढे कित्येक पिढ्यांना पाणी देत राहिली. नंतर तिच्यावर घरं उठली, बरीच तोंडं बुजली. आणि तोंडच बुजलं की गाळ काढायला आत उतरणार कुठून?